विघटनशील प्लास्टिक आणि मातीचे हवामान

पिशवीवर हिरव्या अक्षरांत छापलेला ‘जैवविघटनशील’ हा शब्द वाचला की ग्राहकाच्या मनात एक सोपे चित्र उभे राहते. पिशवी टाकून दिली, मातीत गेली, काही महिन्यांत पालापाचोळ्यासारखी कुजली आणि संपली. वस्तुतः तापमान, ओलावा आणि कालावधी यांचा उल्लेख केल्याखेरीज या शब्दाला शास्त्रीयदृष्ट्या फारसा अर्थ उरत नाही. लाकूडही जैवविघटनशीलच आहे. तरीही जुन्या वाड्याची सागवानी तुळई कोरड्या छपराखाली दोनशे वर्षे टिकते, आणि आंब्याची फळी परसात उघडी पडली तर दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होते. प्लास्टिकचेही तसेच आहे. फरक एवढाच की लाकडाबाबत आपल्याला हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत आहे. या नव्या पदार्थांबाबत ते प्रयोगाने शोधावे लागत आहे.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. महाराष्ट्रात कलिंगड, मिरची, टोमॅटो, स्ट्रॉबेरी अशा पिकांसाठी शेतकरी ज्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात ते आच्छादन कागदाचे नसून पॉलिथिनचे असते. त्याची जाडी साधारणपणे २५ ते ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. हंगाम संपल्यावर ते उचलावे लागते. उचलताना ते फाटते, काही तुकडे मातीत राहतात आणि बाकीचे बांधावर पेटवून दिले जाते. यावर तोडगा म्हणून युरोप, जपान व अमेरिकेत जैवविघटनशील आच्छादन विकले जाते. ते उचलण्याची गरज नाही, नांगरून मातीत मिसळावे, असा त्याचा दावा असतो. दावा खरा ठरला तर मजुरी वाचते आणि धूरही टळतो. तो खोटा ठरला तर मात्र शेतकऱ्याने आपल्याच हाताने आपल्या जमिनीत प्लास्टिक पेरलेले असते, आणि एकदा नांगराखाली गेलेले तुकडे पुन्हा वेचून काढण्याचा कोणताही व्यवहार्य मार्ग नाही. म्हणूनच ‘कोणत्या मातीत, कोणत्या हवामानात, किती दिवसांत’ हे विचारणे आवश्यक ठरते.

शब्दांचा घोळ

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. प्लास्टिक कशापासून बनले आणि ते कुजते की नाही, यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ब्राझीलमधील ब्रास्केम या कंपनीने २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन बनवण्यास प्रारंभ केला. हे पॉलिथिन वनस्पतिजन्य आहे. पण रेणू तोच असल्याने ते खनिज तेलाच्या पॉलिथिनइतकेच चिवट आहे. याउलट जर्मनीच्या बीएएसएफने १९९८ साली बाजारात आणलेले पीबीएटी या जातीचे प्लास्टिक खनिज तेलापासून बनते, तरीही ते सूक्ष्मजीव खाऊ शकतात. ‘मक्यापासून बनवलेले’ हे वाक्य म्हणूनच विघटनाची हमी देत नाही.

दुसरी गोष्ट ‘कंपोस्टेबल’ या शब्दाची. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार, तसेच त्याच धर्तीच्या आयएसओ १७०८८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, प्लास्टिक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात कुजले पाहिजे. त्याची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला घेतली जाते आणि सहा महिन्यांत ९० टक्के कर्बाचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे अशी अट असते. ५८ अंश हे कंपोस्टच्या धगधगत्या ढिगाच्या पोटातले तापमान आहे. शेताच्या मातीत नांगराच्या खोलीवर, आणि तेही महिनोन्‌महिने ओलाव्यासकट, ते कोठेच मिळत नाही. भारताने स्वीकारलेले मानक हेच, आयएस/आयएसओ १७०८८. तेव्हा आपल्याकडे ‘कंपोस्टेबल’ असे प्रमाणपत्र असलेली पिशवी मातीत कुजेलच असे समजणे चूक आहे. प्रमाणपत्रात तसे म्हटलेलेच नसते.

तिसरा प्रकार ‘ऑक्सो’ प्लास्टिकचा. साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळले की उन्हाने आणि उष्णतेने ते लवकर ठिसूळ होते व त्याचे तुकडे पडतात. तुकडे पडणे म्हणजे कुजणे नव्हे. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर व रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या पिशव्या उघड्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या होत्या. तीन वर्षांनंतर मातीतून व समुद्रातून काढलेली ‘ऑक्सो’ पिशवी आणि ‘बायोडिग्रेडेबल’ असे छापलेली पिशवी, दोन्ही सव्वादोन किलोचा बाजार उचलण्याइतक्या धड होत्या. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती सापडली. मात्र वजन टाकताच फाटली. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून ‘ऑक्सो’ प्लास्टिकवर बंदी घातली, ती योग्यच म्हटली पाहिजे. या लेखात त्याचा आणखी विचार केलेला नाही.

साखळी कशी तुटते

प्लास्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे एकाच प्रकारच्या लहान रेणूंची हजारो दुव्यांची साखळी. पॉलिथिनच्या साखळीत कर्बाला कर्ब जोडलेला असतो आणि हा बंध तोडण्याची सोय मातीतल्या जीवांजवळ जवळजवळ नाही. जैवविघटनशील म्हणवणाऱ्या बहुतेक प्लास्टिकांच्या साखळीत मधूनमधून एस्टर बंध असतात. तेल-तुपातही हेच बंध असतात आणि पानांच्या पृष्ठभागावरील मेणासारख्या थरातही असतात. त्यामुळे ते तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, मातीतल्या जीवाणू व बुरशीजवळ फार पूर्वीपासून आहेत. साखळीचे पुरेसे लहान तुकडे झाले की ते पेशीच्या आत ओढले जातात. त्यातला काही कर्ब श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, तर काही जीवाच्या शरीरात राहतो. मानकांत १०० ऐवजी ९० टक्क्यांची अट का असते, याचे उत्तर इथे आहे.

पण सर्व एस्टर सारखे नसतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरिस लेमोइन्य यांनी १९२६ साली एका जीवाणूच्या पेशीत पीएचबी नावाचे बहुवारिक शोधून काढले. ऊस जसा साखर साठवतो तसा हा जीवाणू अडीअडचणीसाठी त्याचे कण साठवतो. जे निसर्गात साठवले जाते ते खाणारेही निसर्गात असणारच. त्यामुळे पीएचबी आणि त्याची भावंडे मातीत सर्वांत सहज विघटन पावणाऱ्यांत गणली जातात. स्टार्चचेही तेच, पिठाला कुठलीही माती नाही म्हणत नाही.

पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, याची गोष्ट निराळी आहे. मका वा उसाच्या साखरेपासून बनणारे हे प्लास्टिक जगात बरेच खपते. अमेरिकेत नेब्रास्कातील ब्लेअर येथे त्याचा वर्षाला १,४०,००० टन क्षमतेचा कारखाना २००२ साली सुरू झाला, आणि आपल्याकडे पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. पीएलएवर मातीतले जीव थेट फारसा हल्ला करीत नाहीत. आधी पाण्याने त्याची साखळी तोडावी लागते आणि हे जलीय विच्छेदन तापमानावर विलक्षण अवलंबून असते. सुमारे ५५ ते ६० अंशांच्या खाली पीएलएचे रेणू काचेसारखे थिजलेले असतात. पाणी आत शिरायला आणि बंधापर्यंत पोचायला वाव राहत नाही. त्या मर्यादेपलीकडे रेणू सैल होतात आणि कंपोस्टच्या ढिगात पीएलएचा पेला काही आठवड्यांत विरून जातो. पंचवीस अंशांच्या मातीत तोच पेला वर्षभरानंतर धुऊन घेतला तर जवळजवळ पूर्वीसारखा दिसतो.

या दोहोंच्या मध्ये पीबीएटी बसते. आच्छादनाच्या बाजारातल्या बहुतेक विघटनशील फिल्म पीबीएटीमध्ये स्टार्च किंवा पीएलए मिसळून बनवलेल्या असतात. त्याचा कर्ब खरोखरच सूक्ष्मजीवांच्या शरीरात जातो की ते केवळ बारीक होऊन मातीत लपते, ही शंका बरीच वर्षे होती. झुरिच येथील ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली तिचे निरसन केले. त्यांनी पीबीएटीमध्ये कर्बाचा १३ वस्तुमानांकाचा समस्थानिक खूण म्हणून घातला, सहा आठवडे मातीत ठेवला, आणि तोच खुणेचा कर्ब एकीकडे बाहेर पडणाऱ्या वायूत व दुसरीकडे फिल्मवर वाढलेल्या बुरशीच्या तंतूंत दाखवून दिला. पदार्थ खाद्य आहे हे यातून ठरले. तो प्रत्येक मातीत किती वेगाने खाल्ला जातो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

वाफसा

या ठिकाणी आपल्या शेतकऱ्यांचा एक शब्द फार उपयोगी पडतो: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत जी अवस्था येते, पाय रुतत नाही आणि ढेकूळही कडक नसते, ती अवस्था. मातीच्या छिद्रांपैकी साधारण निम्म्यांत पाणी आणि निम्म्यांत हवा असली की मुळांना ती मानवते. सूक्ष्मजीवांनाही नेमकी तीच मानवते. ओल कमी झाली तर विकरे पाण्याच्या थरातून फिल्मपर्यंत पोचत नाहीत, आणि जीव निद्रिस्त होतात. ओल जास्त झाली तर प्राणवायू संपतो. पीएचबीसारखे पदार्थ हवेविनाही कुजतात आणि त्यातून मिथेन निघतो, परंतु पीबीएटीचे विघटन प्राणवायूविना अगदी मंदावते.

वाफसा आणि उष्णता या दोहोंचा गुणाकार म्हणजे विघटनाचा वेग, असे ढोबळमानाने म्हणता येईल. रासायनिक व जैविक क्रियांसाठी एक जुना आडाखा आहे: तापमान १० अंशांनी वाढले की वेग सुमारे दुप्पट होतो. हा काही नियम नव्हे, पण अंदाजाला पुरतो. आता युरोपच्या ईएन १७०३३ या मानकाकडे पाहा. २०१८ साली आलेले हे मानक खास आच्छादनाच्या फिल्मसाठी आहे. फिल्मने मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन पावावे, असे ते सांगते. चाचणीचे तापमान २० ते २८ अंश, शक्यतो २५, आणि तेही अखंड. प्रयोगशाळेतल्या बरणीत दोन वर्षे रात्रंदिवस पंचवीस अंशांचा वाफसा राखलेला असतो. उत्तर युरोपच्या शेतात मातीचे वार्षिक सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास असते. वरचा आडाखा लावला तर दोन वर्षांचे काम तिथे साडेपाच वर्षांच्या घरात जाते. मानक तयार झाले युरोपात, पण त्यातले हवामान मात्र आपल्याकडच्या ओल्या महिन्यांशी अधिक जुळते, हा एक मौजेचा योगायोग आहे.

तापमान आणि ओल यांच्या मागोमाग मातीचे स्वतःचे गुण येतात. आम्लधर्मी मातीत बुरशीचे प्राबल्य असते, अल्कधर्मी मातीत जीवाणूंचे. सेंद्रिय कर्ब भरपूर असेल तर सूक्ष्मजीवांची संख्या मुळातच मोठी असते. या प्लास्टिकांत नत्र बिलकूल नसतो, त्यामुळे ते खाणाऱ्या जीवांना नत्र मातीतून घ्यावा लागतो. उसाचे पाचट कुजवताना शेतकरी युरिया टाकतात ते याच कारणासाठी. अर्थात फिल्मची मात्रा पाचटाच्या मानाने नगण्य आहे. एक एकर पूर्ण झाकणारी २० मायक्रॉनची विघटनशील फिल्म सुमारे १०० किलो भरते, तर त्याच एकरातील वरच्या वीतभर थरातील मातीचे वजन शेकडो टन असते. पिकाला नत्र कमी पडेल ही भीती त्यामुळे अनाठायी वाटते; पण तुकड्याच्या अगदी लगतच्या मातीत नत्राचा तुटवडा पडून विघटन रेंगाळू शकते.

सायबेरिया ते व्हिएतनाम

एकच पदार्थ निरनिराळ्या हवामानांत पुरून पाहणे हा सर्वांत सरळ प्रयोग. पण तो खर्चिक आणि कंटाळवाणा असल्याने फार थोड्यांनी केला आहे. सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथील जीवभौतिकी संस्थेच्या संशोधकांनी तो चिकाटीने केला. क्रास्नोयार्स्कला नोव्हेंबर ते मार्च पारा शून्याखाली असतो, म्हणजे सूक्ष्मजीवांचे काम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांपुरतेच चालते. तेथे त्यांनी लार्च व बर्च वृक्षांच्या मुळांलगतच्या मातीत पीएचबी जातीच्या फिल्म व गोळ्या पुरल्या. पुढे त्यांनी व्हिएतनाममध्ये, उत्तरेला हनोईजवळ आणि दक्षिणेला न्या-ट्रांगजवळ, असेच नमुने पुरले. त्यांचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपल्यासारख्या उष्ण देशाने लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत.

उष्ण प्रदेश म्हणजे सर्वत्र झपाट्याने विघटन, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात व्हिएतनाममध्ये फिल्मचे वजन दिवसाला सरासरी ०.०४ ते ०.३३ टक्के या दराने घटले. गोळ्यांसाठी हाच दर ०.०२ ते ०.१८ टक्के होता. साध्या त्रैराशिकाने पाहिले तर ०.३३ टक्क्यांच्या दराने फिल्म सुमारे ३०० दिवसांत संपेल आणि ०.०४ टक्क्यांच्या दराने तिला जवळजवळ सात वर्षे लागतील. एकाच देशात, एकाच कुळातील पदार्थांत, आठपट फरक! जागा, तेथील सूक्ष्मजीवांची वस्ती, पदार्थाची नेमकी रासायनिक घडण आणि त्याचा आकार या सर्वांचा हा परिणाम. शिवाय हे त्रैराशिकही पुरते खरे नाही. पदार्थातील रेणूंचा विस्कळीत भाग आधी खाल्ला जातो आणि स्फटिकासारखा घट्ट रचलेला भाग मागे उरतो, हे याच प्रयोगात दिसले. म्हणजे शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा चिवट असतो, आणि सुरुवातीच्या वेगावरून काढलेली मुदत आशावादी ठरते.

जपानमध्ये होशिनो व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेतजमिनींत पाच प्रकारची विघटनशील प्लास्टिके वर्षभर पुरली होती. पीएचबी कुळातील पदार्थ व पॉलिकॅप्रोलॅक्टोन आघाडीवर होते, तर पीएलए सर्वांच्या मागे. पदार्थांतील हा क्रम पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांतही बव्हंशी तसाच आढळला. हवामान बदलले की वेग बदलतो, पण कोण आधी आणि कोण नंतर हे पदार्थाच्या रसायनावर ठरते, असा याचा अर्थ.

अमेरिकेतील प्रयोगाची जागाच बोलकी आहे. टेनेसीतील नॉक्सव्हिल उष्ण व दमट, तर वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन पॅसिफिक किनाऱ्यालगतचे, थंड उन्हाळ्याचे. दोन्ही ठिकाणी त्याच त्या आच्छादन फिल्म जाळीच्या पिशव्यांत घालून मातीत पुरल्या गेल्या. कंपोस्टच्या ढिगात याच फिल्म काही महिन्यांत जवळजवळ दिसेनाशा झाल्या. शेतात मात्र तीन वर्षांनंतरही दोन्हीकडे अवशेष होते, आणि माउंट व्हर्ननच्या थंड मातीत ते अधिक होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवर तेथील शेतकऱ्यांनी नाराजी दाखवली तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना ‘पुढच्या हंगामापर्यंत’ असे ऐकायची सवय झालेली असते.

कोरड्या प्रदेशाची अडचण याहून वेगळी. चीनच्या शिनजियांग प्रांतात कापसावर पॉलिथिनचे आच्छादन इतकी वर्षे आणि इतक्या पातळ जाडीचे वापरले गेले की शेतात तुकड्यांचा थर साचला. त्याला तेथे ‘पांढरे प्रदूषण’ म्हणतात. २०१७ सालच्या मानकाने चीनने आच्छादनाची किमान जाडी ०.००८ वरून ०.०१० मिलिमीटर केली, ती फिल्म उचलता यावी म्हणून. विघटनशील फिल्म तेथे वापरताना दुहेरी कसरत करावी लागते. कडक उन्हात ती पीक तयार होण्यापूर्वीच फाटते, मग ओल उडून जाते आणि आच्छादनाचा हेतूच फसतो. फाटलेले तुकडे मात्र कोरड्या वाळवंटी मातीत कुजत नाहीत. आणखी एक बारकावा असा की, उन्हातील अतिनील किरणांमुळे पीबीएटीच्या साखळ्या तुटतात तशाच एकमेकींना आडव्या जोडल्याही जातात. असे जाळे बनलेले प्लास्टिक पुढे सूक्ष्मजीवांना अधिक कठीण जाते. फिल्मला काजळीचा काळा रंग देतात तो तणांना उजेड मिळू नये म्हणून आणि या किरणांपासून बचाव व्हावा म्हणूनही.

दख्खन आणि कोकण

आता ही मोजपट्टी महाराष्ट्राला लावून पाहू. तापमानाची आपल्याला अडचण नाही. आपल्या बहुतांश जमिनींचे वार्षिक सरासरी तापमान २२ अंशांच्या वर असते. मृदाशास्त्रज्ञ अशा जमिनींना अतिउष्ण गटात घालतात. कोकणात तर उन्हाळा व हिवाळा यांतील मातीच्या तापमानाचा फरकही थोडा असतो. अडचण आहे ती ओलीच्या वाटपाची. सोलापूर वा अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वैशाखात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांपलीकडे तापतो, म्हणजे पीएलएला हवी असलेली उष्णता तेथे जवळपास हजर असते. पण तेव्हा मातीत थेंबभर ओल नसते. श्रावणात ओल असते, तेव्हा ती उष्णता नसते. दोन्ही एकत्र मिळतात ते केवळ कंपोस्टच्या ढिगात. पीएलएचे प्रमाण जास्त असलेली फिल्म दख्खनच्या जमिनीत नांगरण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

पीबीएटी व स्टार्चच्या फिल्मसाठी चित्र इतके निराशाजनक नाही. येथे कळीचा मुद्दा ठरतो तो नांगरणीच्या महिन्याचा. आच्छादन बहुधा ठिबक सिंचनासोबत वापरले जाते. म्हणजे फिल्म टिकायला हवी तेव्हा तिच्याखालची माती ओली असते, आणि पीक निघून ठिबक बंद झाले, फिल्म कुजायला हवी, तेव्हा माती वाळते. उन्हाळी कलिंगड एप्रिल-मे महिन्यांत निघते. त्यानंतर गाडलेली फिल्म महिनाभर कोरड्यात पडून राहते आणि मृगाच्या पावसानंतर तिला २५ ते ३० अंशांचा वाफसा सलग तीन-चार महिने मिळतो. प्रयोगशाळेतली बरणी जणू शेतात आली, असे म्हणायला हरकत नाही. तीच फिल्म खरिपाची भाजी निघाल्यावर कार्तिकात गाडली आणि शेत पडीक ठेवले, तर तिला पुढचे सहा-सात महिने ओल दिसणार नाही. जमीन तीच, फिल्मही तीच, पण एका पावसाळ्याचा फरक पडतो. रब्बीत पाणी देणाऱ्या बागायती शेताला हे लागू नाही.

काळ्या भारी जमिनीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हातभर, कधी त्याहून खोल भेगा पडतात आणि वरची माती आत घरंगळते. पावसात ती फुगून भेगा मिटतात. अशी जमीन स्वतःलाच नांगरते असे म्हणतात. वरचे फिल्मचे तुकडेही या भेगांतून खाली जाणार, जिथे हवा कमी, सेंद्रिय कर्ब कमी आणि सूक्ष्मजीवही कमी. दख्खनच्या अनेक जमिनींत सेंद्रिय कर्ब मुळातच अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरला आहे, ही गोष्टही विघटनाच्या विरोधात जाते. शेणखत घातलेल्या वाफ्यात फिल्म लवकर कुजेल, असा तर्क करता येतो.

कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात, माती जांभ्याची, आम्लधर्मी, निचऱ्याची. वरकस जमिनीत आणि बागांत बुरशीला अनुकूल असे हे वातावरण पीबीएटीसाठी राज्यात सर्वांत चांगले असावे. पण भातखाचरात चित्र उलटते. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपतो आणि वर सांगितल्याप्रमाणे तिथे पीबीएटी रेंगाळते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दोन्हींहून निराळी. तिथे पाऊस कोकणाहूनही दांडगा, पण हंगाम हिवाळ्याचा, हवा थंड. तेथील मातीत कोकणचा आडाखा लावू नये.

साचण्याचा हिशेब

विघटन पूर्ण होते की नाही यापेक्षा शेतकऱ्याला महत्त्वाचा प्रश्न असा की दरवर्षी नवी फिल्म गाडली तर जमिनीत किती साठा होईल. गणित सोपे आहे. वर्षाच्या अखेरीस गाडलेल्यापैकी निम्मा भाग उरत असेल, तर काही वर्षांनी साठा एका वर्षाच्या फिल्मच्या दुपटीवर येऊन थांबतो. ८० टक्के उरत असेल तर तो पाचपटीपर्यंत चढतो. ९५ टक्के उरत असेल तर वीसपट, म्हणजे व्यवहारात पॉलिथिन आणि यात फार फरक राहिला नाही. प्रत्यक्षात उरलेला चिवट भाग आणखी हळू जातो, त्यामुळे खरा साठा यापेक्षा थोडा अधिकच धरावा. आलटून पालटून पिके घेणाऱ्या, तीन वर्षांतून एकदा आच्छादन घालणाऱ्या शेताला हा भार अर्थातच कमी.

आपल्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत मार्च २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीत जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या बदलली गेली. माती, कचराभूमी, गोडे पाणी, समुद्र अशा विशिष्ट परिसरात जैविक क्रियेने विघटन पावणारे आणि सूक्ष्म प्लास्टिकचे अवशेष मागे न ठेवणारे, असा तिचा आशय आहे. ‘विशिष्ट परिसर’ हे शब्द महत्त्वाचे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर पिशव्यांवर आलेली बंधने आणि २०१८ ची राज्यातील प्लास्टिकबंदी यांचा भर जाडी व वापरावर होता. वस्तू कोठे जाऊन संपणार, हा विचार त्यांत दुय्यम होता. आता विक्रेत्याने प्रमाणपत्र दाखवले तर ते कंपोस्टचे आहे की मातीचे, हे पाहावे. मातीची चाचणी बहुधा आयएसओ १७५५६ या पद्धतीने झालेली असते, आणि युरोपीय मालावर ‘ओके बायोडिग्रेडेबल सॉईल’ अशी खूण आढळते. ती खूणही पंचवीस अंशांच्या मातीचीच आहे, हे विसरू नये.

यापलीकडे ज्याला आपल्याच शेतात पडताळा घ्यायचा असेल त्याच्यासाठी संशोधकांचीच रीत घरच्या घरी करण्याजोगी आहे. नायलॉनच्या बारीक जाळीच्या पाच-सहा पिशव्या घ्याव्यात. प्रत्येकीत फिल्मचा तळहाताएवढा तुकडा आणि तेवढाच पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा मूठभर मातीसह ठेवावा, आणि पिशव्या वीतभर खोल पुरून जागा खुंटीने दाखवून ठेवावी. पोळा, दिवाळी, होळी असे टप्पे धरून एकेक पिशवी काढावी, तुकडे हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावेत आणि चौकटीच्या कागदावर ठेवून किती चौकटी भरतात ते मोजावे. जाळीतून निसटलेले कण या मोजणीत येत नाहीत, तेव्हा दिसेनासे झाले ते सगळे कुजलेच असे मानू नये. कापूस हा मातीतल्या जीवांचा ओळखीचा घास आहे. कापड गेले आणि फिल्म जशीच्या तशी राहिली तर माती जिवंत होती आणि अडचण पदार्थात होती. दोन्ही तशीच राहिली तर ओल किंवा ऊब कमी पडली असे धरून उरलेल्या पिशव्या आणखी एक पावसाळा तशाच पुरून ठेवाव्यात.